पुस्तक उपलब्ध आहे, पण सापडत नाही



 प्रकाशक-विक्रेत्यांसमोर अध्यक्षपदावरून बोलताना वाचन कमी झाल्याची चिंता व्यक्त करण्याची प्रथा आहे. मी आज आपल्या ऑनलाइन दुकानांतल्या एकेका पुस्तकाच्या पानाबद्दल बोलणार आहे, कारण पुष्कळ वाचक आपण तिथे गमावतो अशी माझी खात्री आहे. पुस्तक हवे असलेला माणूस गूगलवर शोधतो, त्याला काही दिसत नाही, आणि आवृत्ती संपली असेल असे समजून तो विषय सोडून देतो. गठ्ठे मात्र आपल्या गोदामात पडून असतात.

आपली अक्षरजुळणी वर्षानुवर्षे युनिकोडपूर्व फॉन्टांत झाली. तो मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की वाचता न येणारी चिन्हे उमटतात, म्हणून अनेकांनी मलपृष्ठाचे चित्रच चढवून काम भागवले. चित्रातल्या अक्षरांच्या भरवशावर शोधयंत्रात पान वर येत नाही. देवनागरी युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत होती. आता कोणतीही सबब उरलेली नाही. नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती हे सारे टाइप केलेले हवे आणि मुखपृष्ठाच्या चित्रालाही पर्यायी मजकूर हवा.

याहून मोठे दुखणे वर्णनाचे आहे. मलपृष्ठावरचा तोच परिच्छेद प्रत्येक विक्रेत्याच्या पानावर शब्दशः असतो. मग आपलेच पान वर दाखवायला आपण गूगलला कारण काय देतो? दुकानातल्या जाणत्या विक्रेत्याला गिऱ्हाईक विचारते : आठवीतल्या मुलीला झेपेल का? ही संक्षिप्त आवृत्ती आहे का? आईला वाचायचंय, टाइप मोठा आहे ना? तो उत्तरे देतो आणि पुस्तक विकले जाते. ती उत्तरे पानावर लिहा. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ घ्या. हे महाभारतातल्या व्यक्तींवरचे लेख आहेत, कादंबरी नव्हे. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांवर स्वतंत्र लेख आहेत. १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. एवढे लिहिले तरी ‘द्रौपदीवर मराठी पुस्तक’ असे शोधणाऱ्याला वाट सापडते. नावही प्रत्येकजण वेगळे लिहितो : कुणी ‘युगांत’ टाइप करतो, परदेशातला मराठी वाचक कदाचित रोमन लिपीत. नाव मुखपृष्ठावर आहे तसेच ठेवावे, बाकीची रूपे वर्णनाच्या ओघात एकदा यावीत. पानाच्या तळाशी किंवा कोडमध्ये शब्दांचा ढीग ओतणे मात्र मला अप्रामाणिक वाटते, आणि ते निरुपयोगीही आहे. कोडमधला कीवर्ड्सचा मेटा टॅग क्रमवारीसाठी पाहिला जात नाही, हे गूगलने २००९मध्येच जाहीर केले आहे.

किंमत, उपलब्धता आणि आयएसबीएन यंत्राला कळेल अशा रचनेत द्यावेत. त्यासाठीची स्कीमा डॉट ऑर्ग ही सामाईक शब्दावली २०११पासून सर्वांना खुली आहे. छपाईसाठीची जड फाइल मुखपृष्ठ म्हणून चढवू नका. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे.

एका सवयीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. आवृत्ती संपली की आपण पान काढून टाकतो आणि नवी आली की नव्या पत्त्यावर दुसरे उघडतो. एखाद्या परीक्षणाने, अभ्यासकाने, वाचनालयाने त्या पानाला दिलेले दुवे सगळे एका फटक्यात मोडतात. पुस्तकाने वर्षानुवर्षे कमावलेली ओळख आपणच पुसतो. पान राहू द्या, ‘सध्या उपलब्ध नाही’ असे लिहा आणि नवी आवृत्ती त्याच पानावर आणा. पत्ता बदलणे भागच पडले, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे रीडायरेक्ट द्या.

गूगलचे सर्च कन्सोल फुकट आहे. लोक कोणते शब्द टाइप करून आपल्या पानापर्यंत आले, हे ते दाखवते. ते आधी उघडा. मग आपल्या यादीतली दहा पुस्तके निवडा, चांगली असून खपत नाहीत अशी. त्यांची पाने ती पुस्तके खरोखर वाचलेल्या माणसाकडून लिहून घ्या, त्याला मानधन द्या आणि पानावर त्याचे नावही घाला.