बाळाची कावीळ आणि आईवरचा ठपका



संयोजकांनी सांगितलं, तुझ्या कामातलंच काहीतरी बोल. मी लहान मुलांचा सर्जन. त्यामुळे ‘बिलिअरी अ‍ॅट्रेसिया’ या आजाराविषयी बोलतो. यात तान्ह्या बाळाच्या यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नलिका सुजून बुजतात. पित्त आतच साचतं आणि यकृत निकामी होत जातं.

निदान सांगितलं की घरचे आईकडे वळतात. “गरोदरपणात काय खाल्लंस?” कुणी ग्रहणाची आठवण काढतं. ती बिचारी मान खाली घालते.

खरं कारण काय? एकच असं सापडलेलं नाही. धागे मात्र आहेत. ऑस्ट्रेलियात १९६४ आणि १९८८ साली, दुष्काळात बरिंजक धरणाचं पाणी आटलं. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाभण मेंढ्या चरल्या आणि त्यांच्या कोकरांना हाच आजार झाला. मेंढ्या स्वतः ठणठणीत होत्या. तिथल्या एका रानटी वनस्पतीतलं विषारी द्रव्य संशोधकांनी २०१५ मध्ये वेगळं काढलं. पण आपल्या बाळांच्या आजाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. दुसरा धागा विषाणूंचा. नवजात उंदरांना एका प्रकारच्या रोटाव्हायरसची लागण केली की त्यांच्या पित्तनलिका बुजतात. विषाणू गेल्यावरही शरीराची प्रतिकारशक्तीच नलिकांवर हल्ला करत राहते, असं दिसतं. तिसरा धागा जनुकांचा. पण एकसारख्या जुळ्यांतही बहुधा एकालाच हा आजार होतो. म्हणजे सगळा दोष रक्ताचाही नाही.

तेव्हा आईला दोष देण्याला काहीही आधार नाही.

आपल्यातले बरेच जण आता आजी-आजोबा झालेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नवजात बाळाची कावीळ बहुतेक वेळा आपोआप जाते. पण ती दोन आठवड्यांनंतरही राहिली, शी पांढरट किंवा मातकट झाली, लघवी गर्द पिवळी होऊ लागली, तर कोवळ्या उन्हावर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा आणि डायरेक्ट बिलिरुबिन तपासायला सांगा. जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झाली, तर यश येण्याची शक्यता जास्त. उशीर झाला की बहुधा यकृत प्रत्यारोपणच उरतं. तैवानमध्ये तर शीचे रंग दाखवणारं कार्ड प्रत्येक बाळाच्या आईला देतात.

सूनबाईला, लेकीला प्रश्न विचारण्याआधी बाळाचं दुपटं बघा.