पाठमोरी पंगत
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, 'शाळेने मला काय दिलं'. त्याची तयारी मी केली होती. पण आज गेटवर एक जण भेटला आणि ती तयारी खिशातच राहिली. शाळेने काय दिलं ते बाकीचे वक्ते सांगतीलच. मी डिसेंबर १९८२ मधली एक संध्याकाळ सांगतो. याच पटांगणातली.

'जेवण आणि नाटक, तिकीट बारा रुपये.' आठवतंय? त्या वर्षी १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला आणि दिवाळी उलटली तरी मिटायचं नाव नव्हतं. अडीच लाखांच्या घरात कामगार घरी बसलेले. संप गिरणगावातला असं आपण म्हणतो, पण सकाळी हार्बरची गाडी पकडून कॉटन ग्रीनला, शिवडीला उतरणारे बाप चेंबूरच्या वसाहतींतही होते. शाळेतल्या सात मुलांचे गणवेश आणि पुढच्या वर्षाची पुस्तकं आपण माजी विद्यार्थ्यांनी करायची, असं ठरलं. आम्ही तेव्हा एकोणीस वर्षांचे. एकोणिसाव्या वर्षी 'ठरलं' म्हणजे 'झालं'च वाटतं.

नाटक आमच्यातल्याच एकाने लिहिलं होतं. फार्स. घरमालक आणि भाडेकरू. प्रयोगाला पंधरा दिवस उरले असताना सरांनी विचारलं, "रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलंत का रे?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. असं काही मंडळ असतं आणि संहिता आधी तिथे दाखवावी लागते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सरांनी स्वतःच्या रजा घालवून तो कागद आणला. सर, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

घरमालकाचं काम ज्याच्याकडे होतं, तो आमच्या सगळ्यांत सरस नट. प्रयोगाच्या तीन दिवस आधी तो म्हणाला, "मला जमणार नाही." कारण सांगेना. मी चिडलो. नको ते बोललो. आणि त्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये तो गावातला सामंत आहे बघा, एक नट आला नाही म्हणून ऐनवेळी साक्षीदार म्हणून उभा केलेला, तशी माझी गत. फक्त सामंताला निदान बोलता तरी येत होतं.

आता पंगतीचं सांगतो. नाटक आणि जेवण एकत्र कसं करायचं, याचा विचार आमच्यातल्या एकानेही केला नव्हता. अमेरिकेत असे प्रयोग होतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तिथे बहुधा आधी जेवण, ताटं उचलली की नाटक. आम्ही दोन्ही बरोबरच सुरू केलं. आणि पंगत कशी मांडतात? समोरासमोर! म्हणजे निम्मे प्रेक्षक रंगमंचाकडे पाठ करून बसलेले. पहिला पडदा वर गेला तेव्हा मला साठ पाठी दिसल्या. एका आजोबांनी पानासकट वळायचा प्रयत्न केला, तो शेजारच्यांच्या मसालेभातात पाय गेला. शिवाय तिकिटं खपली होती दोनशेच्या वर आणि पानं मांडली होती एकशेवीस. दुसऱ्या पंगतीचे लोक भिंतीशी उभे राहून नाटक कमी आणि पहिल्या पंगतीची पानं जास्त बघत होते. "पुरी, पुरी" असा पुकारा झाला की प्रॉम्प्टरचा आवाज बुडायचा. त्यात तुर्भ्याकडून वारा सुटला. खत कारखान्याचा तो अमोनिया आपल्याला नवा नव्हता, पण जिलबीबरोबर नको वाटतो.

दुसऱ्या प्रवेशात मी अडकलो. विंगेतून प्रॉम्प्टर काहीतरी सांगत होता, त्याचे ओठ दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. भाडेकरू झालेली आपली मैत्रीण तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणाली. आणि तेवढ्यात पंगतीतून खणखणीत आवाज आला, "भाडं मागायला आलोय, भाऊबीज घालायला नाही!"

वाक्य माझं होतं. आवाज त्याचा होता. केटररचा लाल शर्ट, हातात मठ्ठ्याची बादली. तो वाढपी म्हणून आला होता. त्या रात्रीचे त्याला वीस रुपये मिळणार होते. 'जमणार नाही'चा अर्थ तेव्हा मला कळला.

पंगत हसली, टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. त्यानंतर मी जिथे जिथे अडखळलो, तिथे त्याने वाढता वाढता पुढचं वाक्य दिलं. एका हाताने वाटीत मठ्ठा, तोंडाने घरमालक. दुसरा अंक रंगला तो त्याच्यामुळे.

इथे मी थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण प्रयोगानंतर निधीची घोषणाही माझ्याकडेच होती. हातात सात नावांचा कागद. तो मी आधी वाचलाच नव्हता, नाटकाच्या गडबडीत. ज्यांना मदत द्यायची त्यांची नावं भर पंगतीत पुकारायची नसतात, हे एकालाही सुचलं नव्हतं. मी मोठ्या आवाजात वाचत गेलो. चौथं नाव आठवीतल्या एका मुलीचं होतं. त्याच्या बहिणीचं. ते डोळ्यांसमोर आलं तेव्हा मान वर केली. तो दुसऱ्या पंगतीची पानं मांडत होता. वाचणं थांबवता आलं असतं. मी वाचलं, आडनावासकट. तो पान ठेवायचा थांबला आणि मग पुढचं पान ठेवलं.

खर्च जाऊन जेमतेम सव्वासातशे रुपये उरले. पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. तो घरी नव्हता. पुढच्या दोन खेपांनाही नव्हता. मग मी जाणं सोडलं. माफी मागायची म्हणून गेलो होतो की गठ्ठा पोचवायचा म्हणून, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तो आज आला आहे. मागच्या रांगेत, खांबाजवळ. नाव घेत नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे. गेटवर मला म्हणाला, "काय रे, आज तरी पाठ झालंय का?"

मी म्हटलं, नाही.

"मग मी पुढेच बसतो," म्हणाला. आणि बसलाय बघा मागे.