मोरपंखी खडा आणि २४ हजारांचा धडा

(ऑडिओ एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय वाचून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. सॉफ्टवेअरवाला माणूस आणि अंगठीतल्या खड्यावर बोलणार? तर हो, बोलणार. कारण मी त्यात २४ हजार रुपये घालवून शिकलोय. तुम्ही फुकटात शिका.

गोष्ट अशी. माझं लग्न ठरलं. साखरपुड्याला दोन महिने होते. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर हातांचं काम. तिने आधीच सांगितलं होतं, "मला हिरा नको. सगळ्यांच्या बोटात तोच असतो. मला रंग हवा." कुठला रंग? तर तिच्या आईच्या पैठणीचा, मोरपंखी. निळा की हिरवा हे सांगताच येत नाही, तो.

माझं बजेट होतं ८० हजार, सोन्यासकट. घराचं डिपॉझिट नुकतंच भरलेलं, तिचं एज्युकेशन लोन चालू. म्हणजे ८० म्हणजे ८०, वर एक रुपया नाही. मी दोन रात्री बसून वाचलं, एक्सेल शीट केली आणि ठरवलं की सफायर घ्यायचा. आणि तिला सरप्राइज द्यायचं. हे सरप्राइज प्रकरण लक्षात ठेवा, पुढे येतंय.

एका दुकानात गेलो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. त्यांनी काळ्या मखमलीवर एक खडा ठेवला. दोन कॅरटच्या वर, गडद निळा, वरून पिवळे दिवे. असा चमकला की मी मोरपंखी वगैरे विसरलोच. किंमत २४ हजार. सोबत त्यांनीच छापलेलं प्लास्टिकचं कार्ड, त्यावर लिहिलेलं 'नॅचरल सफायर'. मला वाटलं, काय डील मिळालं! पैसे दिले, खडा खिशात.

तो घेऊन मी गावी आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं. एकदा बघितलं, फिरवून परत बघितलं आणि खडा कागदावर ठेवला. म्हणाले, "मी याला हात लावणार नाही. आच लागली तर जाईल. आधी लॅबमध्ये दाखव."

लॅबचा रिपोर्ट आला. खडा सफायर होता आणि नव्हताही. भेगाळलेला, जवळजवळ टाकाऊ सफायर घेऊन त्याच्या भेगांमध्ये निळी, शिसं मिसळलेली काच भरलेली. वरून बघताना एकसंध दिसतो. पण ही काच नाजूक असते. सोनाराची आच, दागिना धुवायचं ॲसिड, अगदी लिंबाचा रससुद्धा तिला खातो. रोज हातात घालायची अंगठी, आणि लिंबू पिळायची भीती!

दुकानात परत गेलो. ते म्हणाले, "साहेब, नॅचरल म्हटलं होतं, नॅचरलच आहे. काहीच भरलेलं नाही असं कुठे म्हटलं?" मी बिल बघितलं. बिलावर फक्त 'कलर स्टोन' लिहिलेलं. पैसे परत नाही मिळाले, क्रेडिट नोट मिळाली. तिची पुढे चांदीची भांडी आली. आई खूश आहे, मी नाही.

आम्ही कोडची दोन ओळींची फाइलसुद्धा टेस्ट केल्याशिवाय प्रॉडक्शनला टाकत नाही. आणि मी २४ हजार मखमल बघून टाकले.

आता तिला सांगायचं होतं. तीन दिवस टाळलं. मग एका संध्याकाळी चहा पिताना सांगून टाकलं. ती आधी हसली. मग गप्प झाली. मग म्हणाली, "पैसे गेल्याचं ठीक आहे रे. पण तीन दिवस तू एकटाच हे घेऊन फिरत होतास. आणि बोटात मी घालणार, तर मला का नाही विचारलंस?" मला उत्तर देता आलं नाही. सरप्राइज तिथेच संपलं. त्यानंतरचं सगळं आम्ही दोघांनी मिळून केलं.

तर आता कामाचं. उरले होते ५६ हजार. आम्ही काय शिकलो ते क्रमाने सांगतो, हवं तर स्क्रीनशॉट काढा.

पहिलं, सफायर म्हणजे काय? कुरुंद नावाचं खनिज, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध असेल तर रंगहीन. त्यात थोडं क्रोमियम आलं की लाल, तो माणिक. लोह आणि टायटॅनियम आलं की निळा, तो नीलम. पिवळा असेल तर पुष्कराज. लाल सोडून बाकी सगळे रंग सफायरच: गुलाबी, जांभळा, हिरवा, मोरपंखी. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, सफायर ९. धुळीतली वाळू असते ७. म्हणून रोजच्या वापरात सफायर सहसा चरे घेत नाही. काही घड्याळांची काच सफायरची असते ती याचसाठी. ती अर्थात प्रयोगशाळेत बनवलेली.

हो, प्रयोगशाळेत बनवलेला सफायरही अंगठीसाठी मिळतो. १९०२ साली व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिकाची पद्धत जाहीर केली, सफायर त्यामागोमाग आला. घटक तेच, कठीणपणा तोच, किंमत खूपच कमी. बजेट अगदी कमी असेल तर बिनधास्त घ्या. फक्त तो तसा आहे हे सांगून विकला गेला पाहिजे आणि किंमतही त्याचीच लागली पाहिजे.

दुसरं, तापवणं. बाजारातले बहुतेक सफायर हजार अंशांच्या बरंच वर तापवलेले असतात. त्याने रंग उजळतो, आतला धूसरपणा कमी होतो आणि तो बदल कायमचा टिकतो. ही फसवणूक नाही, सांगितलं असेल तर. न तापवलेला खडा दुर्मिळ, म्हणून महाग. आमच्यासारख्या बजेटला तापवलेलाच बरा. पण काच भरलेला नको. आणि बेरिलियम वापरून रंग आत शिरवलेला असेल, तर त्याचा भाव बराच कमी असतो, त्याला साध्या तापवलेल्याचे पैसे देऊ नका. हा फरक डोळ्यांनी कळत नाही. लॅबनेच सांगायचा.

तिसरं, लॅब. दुकानाचं स्वतःचं कार्ड म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेला फाइव्ह स्टार रिव्ह्यू. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जीआयए आणि आयजीआयच्या लॅब आहेत. जयपूरला १९७२ पासूनची रत्न तपासणारी लॅब आहे. रिपोर्टमध्ये 'ट्रीटमेंट' किंवा 'कॉमेंट्स'समोर काय लिहिलंय ते आधी वाचा, बाकी नंतर. मूळ देश कोणता, यासाठी वेगळे पैसे घालवू नका. काश्मीर किंवा बर्मा अशा नावांनी किंमत उडते, बोटात त्याचा काही उपयोग नाही. श्रीलंका किंवा मादागास्करचा खडा तितकाच छान दिसू शकतो.

चौथं, साइझ. इथे आपण कॅरटमागे धावतो. कॅरट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम. सफायर हिऱ्यापेक्षा जड असतो, त्यामुळे एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर दिसतो आणि सफायर सहाच्या आसपास. म्हणून मिलिमीटर विचारा. कोणी रत्तीत भाव सांगितला तर कॅरटमध्ये लिहून मागा, कारण रत्ती सगळीकडे सारखी नसते. आणि पूर्ण आकड्यांवर किंमत उडी मारते. एक कॅरटऐवजी ०.९ घेतला तर फरक डोळ्यांना कळत नाही, खिशाला कळतो.

पाचवं, बघायचं कसं. दुकानातल्या दिव्यांखाली कुठलाही खडा हिरो दिसतो. दारापाशी या, दिवसाच्या उजेडात, सावलीत बघा. खडा छापील कागदावर ठेवा. मधोमध अक्षरं आरपार वाचता येत असतील, तर खालचे पैलू उथळ कापलेत, मधला रंग फिका पडणार. उलट खूप गडद खडा संध्याकाळी काळा दिसतो. मध्यम रंग घ्या. आणि हाताच्या बोटांमध्ये धरून बघा, मखमलीवर नको. मखमल कोण घालणार आहे?

सहावं, सोनं. अशा अंगठीला २२ कॅरट मऊ पडतं, १८ कॅरट घ्या. हॉलमार्कवर ७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बघा. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो, दोन मिनिटांचं काम. तिचं काम हातांचं, म्हणून आम्ही उंच उभा खडा टाळला आणि चारी बाजूंनी सोन्याची कड असलेलं बंद कोंदण करून घेतलं. कपड्यात अडकत नाही, पेशंटला लागत नाही.

सातवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिल. त्यावर खड्याचं नाव, वजन, माप, काय प्रक्रिया केली आहे, रिपोर्टचा नंबर आणि परत घेण्याची मुदत लिहून घ्या. तोंडी 'भरोसा ठेवा' म्हणणाऱ्याला हसून म्हणायचं, "ठेवतो, लिहून द्या."

आणि इथे एक गंमत कळली. आपल्याकडच्या दुकानांत सफायरचा भाव ग्रहांवरही चालतो! नीलम शनीचा, पुष्कराज गुरूचा, त्यांना कायम मागणी. मोरपंखीला ग्रहच नाही. आम्ही फिरलो त्या दुकानांत तो कोपऱ्यातल्या डबीत पडलेला असायचा, भावही कमी. म्हणजे तिला हवा होता तोच रंग आमच्या खिशात बसत होता. मी पहिल्याच दिवशी तिला विचारलं असतं तर...

शेवटी जयपूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला. ०.९४ कॅरट, गोल, ५.८ मिलिमीटर, तापवलेला, काच नाही. २५ हजार, रिपोर्टसकट, दहा दिवसांत परत करायची सोय बिलावर. बाकी सोनं आणि मजुरी. ५६ मध्ये बसलं.

आता खरी परीक्षा. आजी.

आमच्या आजीच्या मते नीलम म्हणजे शनी. लाभला तर लाभला, नाही तर घर बसवतो. मी आधी अंदाज घ्यायला तिला डायनाच्या अंगठीचा फोटो दाखवला. १९८१ मधली, १२ कॅरटचा निळा सफायर. म्हटलं, "बघ, राणीच्या सुनेच्या बोटात." आजीने चष्मा पुसला, फोटो बघितला आणि म्हणाली, "आणि तिचं पुढे काय झालं?"

मी गप्प. २०१० पासून तीच अंगठी केट घालते, हे सांगायचं सुचलंच नाही.

घरात सगळ्यांचं एकच मत पडलं. "सांगूच नका. हिरवट तर दिसतोय, पाचू आहे म्हणा." सोपं होतं ते. पण माझ्या डोक्यात त्या दुकानदाराचं वाक्य फिरत होतं. 'असं कुठे म्हटलं?' मी आजीशी तेच करणार होतो. कार्डावर अर्धं छापायचं आणि अर्धं ठेवून घ्यायचं.

मग आम्ही दोघं जाऊन बसलो तिच्याजवळ. तिनेच सांगितलं, "आजी, हा नीलमाचाच भाऊ आहे. रंग मोरपंखी आहे, पण जात तीच. तुम्हाला नको वाटत असेल तर मी घालणार नाही." मी चमकलो. हे आमचं ठरलेलं नव्हतं.

आजीने अंगठी हातात घेतली, खिडकीपाशी नेली. बराच वेळ बघत होती. म्हणाली, "नीलम आधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघतात."

ती म्हणाली, "ठेवते मी."

"तू नको," आजी म्हणाली. "मी ठेवते. मला काय व्हायचंय आता?"

तीन रात्री ती अंगठी आजीच्या उशाखाली होती. तीन रात्री मी झोपलो नाही, शनीमुळे नाही, आजीची शुगर वरखाली झाली तर बिल कोणाच्या नावावर फाटेल या विचाराने. चौथ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. अंगठी पदरात पुसली आणि तिच्या हातावर ठेवली. "गाढ झोप लागली बाई. घाल."

माझा ग्रहांवर विश्वास नाही. आजीचा आहे. पण खरं काय ते तिला माहीत असून तिने 'घाल' म्हटलं, हे मला लॅब रिपोर्टपेक्षा मोठं वाटलं. पाचू म्हणून खपवला असता तर तो शब्द मिळालाच नसता.

तर मंडळी, एवढंच. खडा घेताना त्याच्यावर काय काय केलंय हे विचारा, लिहून घ्या. आणि ज्याच्या बोटात जाणार आहे त्याला बरोबर घेऊन जा. सरप्राइज द्यायचंच असेल तर केक द्या.

तुमच्याकडे अंगठीची काही गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि मखमलीपासून लांब राहा. भेटू!