औषधांची चाचणी आणि मुलांचा होकार



मोठ्या दवाखान्यासाठी चंदगडहून बेळगाव किंवा कोल्हापूर गाठणारे आपण लोक. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम मांडत आहोत.

मनाच्या आजारावरील औषधांची चाचणी मुलांवर होऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. मुलाचे शरीर प्रौढासारखे नसते. चाचणीविना औषध देणे हाही अंधारातला प्रयोगच. पण चाचणी प्रामाणिक हवी. पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरील औषध किशोरांना गुणकारी व निर्धोक असल्याचे २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. २७५ किशोरांवरील त्याच चाचणीची फेरतपासणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा गुण दिसला नाहीच; उलट आत्महत्येच्या विचारांचा धोका वाढल्याचे आढळले.

आपल्या देशातील २०१९ च्या नियमांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर योग्य तेथे मुलाचाही होकार घ्यावा लागतो. तेव्हा सही-अंगठ्यापूर्वी विचारू या : हा उपचार की चाचणी? नकार दिला तर नेहमीचे उपचार मिळतील ना? अपाय झाल्यास भरपाई कोण देणार? डॉक्टरांचा मान राखूनही हे विचारता येते. ही उत्तरे म्हणजे उपकार नव्हेत, आपला हक्क आहे.

आणि शेवटी मुलालाच विचारू या, "बाळा, तुला समजले का?"