शरीर आणि घड्याळ

देकार्तने १६४१ साली मन आणि शरीर यांची फारकत केली आणि शरीराला घड्याळाची उपमा दिली. मेर्लो-पाँतीने १९४५ मध्ये ती फारकत नाकारली. माणसाला जग कळते ते शरीरातूनच, असे त्याचे प्रतिपादन. हा वाद विद्यापीठापुरता आहे असे निदान बजाजनगरात तरी कोणी म्हणू नये. वाळूजमध्ये पॉवर प्रेसवर वर्षे काढलेल्या कामगाराचा हात पत्र्याला डोळ्यांआधी ओळखतो. हे ज्ञान हातातच वसते, आणि शरीर शिणले की प्रथम तेच हरपते. बोटे जातात ती अशा वेळी.

१९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. ती १२ तासांवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. आठवड्याची बेरीज वाढत नसेल तर बिघडले काय, असा प्रश्न केला जातो. हा हिशेब घड्याळाचा झाला! यंत्राचा बारावा तास पहिल्यासारखाच असतो (तेही तेलपाणी वेळेवर झाले तर), माणसाचा नसतो. मार्क्सने ‘भांडवल’मध्ये कामाच्या दिवसावर सबंध प्रकरण खर्ची घातले, ते उगाच नव्हे.

जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असेही सांगितले गेले. उद्या कामावर घेतील की नाही याची शाश्वती नसलेला कंत्राटी कामगार त्या कागदावर सही करण्यावाचून दुसरे काय करणार?