वळिवड्याचा धडा



बेळगुंदीत बसून गाझाच्या भुकेवर कशाला बोलायचं, असं काहीजण विचारतात. उत्तर निपाणीच्या पुढं, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं सायबेरियाकडं हाकललेली पोलिश कुटुंबं पुढं इराणमार्गे भारतात आली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार जण वळिवड्याच्या छावणीत राहिले, बहुतेक बायका-मुलं. तिथं पोटाला अन्न मिळालं, शिवाय मुलांना पोलिश भाषेतल्या शाळाही मिळाल्या.

१९४५ ला याल्टात बड्या राष्ट्रांनी पोलंडची सीमा सरकवली. छावणीतल्या अनेकांची गावं सोव्हिएत संघात गेली. त्यांना विचारलं कुणी? आपल्यावर युद्ध आलं नाही, पण न विचारता सरकलेली रेघ १९५६ पासून आपणही ओळखतो.

गाझा शहर परिसरात ऑगस्ट २०२५ मध्ये दुष्काळ जाहीर झाला. तेव्हा धान्य सीमेबाहेर ट्रकांत पडून होतं. म्हणजे ही भूक पावसानं नाही, अडवणुकीनं आणली.

आपल्या हक्काचं बोलताना दुसऱ्याचं पोट विसरलो, तर आपली मागणी नकाशापुरतीच उरेल. म्हणून पुढच्या निवेदनात एक ओळ घालूया : युद्धात मदतीची वाट कुणीही अडवू नये.