मागचे दोन धागे



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे ‘माझा छंद’. दिवसभर कोड लिहिणारी ही बाई जुन्या लष्करी टोप्या आणि बिल्ले का जमवते, हे आमच्या घरातही अजून कुणाला कळलेलं नाही.

सुरुवात पुण्याच्या जुन्या बाजारात झाली. ‘ताई, पहिल्या महायुद्धातला बिल्ला आहे, मेसोपोटेमियातल्या मराठा पलटणीचा,’ असं विक्रेता म्हणाला आणि मी घेतला. घरी येऊन पाहिलं तर त्यावर ‘५’ आणि ‘मराठा’. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री हे नाव मिळालं १९२२ च्या फेररचनेत. त्याआधी या पलटणी १०३, ११०, ११७ अशा आकड्यांनी ओळखल्या जात. कुतचा वेढा तर १९१६ मध्येच संपला होता! सनावळ्या पाठ करून घेणाऱ्या सरांची त्या दिवशी फार आठवण आली.

मग मी बिल्ला वाचायला शिकले. अधिकाऱ्याच्या खांद्यावर राजमुकुट असेल तर तो प्रजासत्ताकाआधीचा. १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. ठशाने दाबून काढलेला पातळ बिल्ला मागून खोलगट असतो, ओतीव नकलेवर बारीक खड्डे दिसतात. सोला टोपी पाणवनस्पतीच्या गाभ्याची, म्हणून इतकी हलकी.

आता एक कबुली. आपल्याच वर्गातल्या एका मित्राने आजोबांच्या खांद्यावरची पितळी अक्षरं मला बघायला दिली. काळी पडली होती. मी पॉलिश लावून, ब्रशने घासून लखलखीत केली. मागच्या कडीत खाकी कापडाचे दोन धागे अडकले होते, ते चिमट्याने काढून टाकले आणि मोठ्या अभिमानाने परत केली. त्याने उलटून पाहिलं आणि विचारलं, ‘मागचे धागे कुठे गेले?’

आजोबांचा गणवेश कधीच गेला होता. उरले होते ते एवढेच धागे.

कोड चुकला तर जुनी प्रत परत आणता येते. हे आणता येत नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात असं काही असेल तर घासू नका, भंगारात देऊ नका. कागदात गुंडाळा आणि कुणाचं, कुठल्या गावचं, कुठल्या पलटणीचं ते आजच लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवर.

आणि मित्रा, तू समोरच बसला आहेस. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. आज सगळ्यांसमोर माफी मागते.